एक चित्र, एक तास, एकोणीस नावं

माणसाला आयुष्यात एकच गोष्ट उत्तम येत असेल तर ती त्याने चारचौघांत लपवून ठेवावी, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मला आभारप्रदर्शन उत्तम येतं. तारनाक्याला रेल्वेच्या कचेरीत मी एकतीस वर्षं काढली. तिथे मी नेमकं काय काम केलं हे आज कुणाला विचाराल तर लोक विचारात पडतील, पण माझी आभाराची भाषणं सगळ्यांना आठवतात. एका निरोपसमारंभात माझं भाषण ऐकून निवृत्त होणारे दोघे रडले होते आणि तिसऱ्याने निवृत्ती पुढे ढकलता येते का याची चौकशी केली होती. निवृत्तीनंतर हे कसब मी आमच्या तारनाका मराठी मित्रमंडळाच्या चरणी वाहिलं. बायको, म्हणजे अनुराधा, म्हणते की मंडळाने ते मागितलं नव्हतं. तो वेगळा विषय आहे.

ही हकीकत माझ्या सुनेच्या कार्यक्रमाची आहे. आमची सून मृण्मयी शहरातल्या एका कलासंग्रहालयात नोकरी करते. तिच्याकडे सार्वजनिक कार्यक्रमांचं खातं आहे. म्हणजे काय, ते तिच्या लग्नाला आठ महिने झाले तरी मला कळलं नव्हतं. चित्रं भिंतीवर असतात आणि माणसं रस्त्यावर असतात. रस्त्यावरची माणसं गोळा करून भिंतीसमोर आणणं, हे तिचं काम. तिने एक नवा उपक्रम काढला होता, ‘एक चित्र, एक तास’. लोकांनी यायचं, एकाच चित्रासमोर तासभर बसायचं, आधी मुकाट्याने बघायचं, मग काय दिसलं ते बोलायचं. तेलुगूत झाला, उर्दूत झाला, इंग्रजीत तर जागा पुरली नाही. मृण्मयी बैठकीत म्हणाली, मराठीतही करू. संचालिका त्रिवेणी मॅडम म्हणाल्या, हैदराबादेत चित्र बघायला येणारी मराठी माणसं आहेत कुठे?

“बाबा, ट्वेंटी तरी पाहिजेत,” मृण्मयी एका सकाळी पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाली. “आणि सगळ्यांनी फॉर्म भरला पाहिजे. नाहीतर मराठीचा स्लॉट जाणार. मी सगळ्यांसमोर आर्ग्यू केलंय हो. फेल झालं तर मला परत लेबलं टाइप करायला बसवतील.”

सुनेने माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. आठ महिने ती मला चहा हवा का, टीव्हीचा आवाज कमी करू का, एवढंच विचारत होती. मी चमचा खाली ठेवला.

“वीस?” मी म्हणालो. “चाळीस आणतो.”

“शशिकांत,” अनुराधा आतून म्हणाली. माझ्या बायकोने मला पूर्ण नावाने हाक मारली की पुढचं वाक्य ऐकण्याची गरज नसते. मी ते ऐकलं नाही, आणि तिथेच चुकलो.

मी तडक आमच्या मंडळाच्या अध्यक्षांकडे, नामदेवरावांकडे गेलो. नामदेवरावांच्या तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या. सुलतान बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, आता मुलगा बघतो, आणि हे सकाळ-संध्याकाळ मंडळ बघतात. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“बरं. चित्र बघायचं,” ते म्हणाले. “पण कार्यक्रम काय?”

“चित्र बघणं हाच कार्यक्रम.”

“नक्को हो शशिकांतराव. असं नसतं. नुसतं चित्र बघायला कोण येईल? अध्यक्ष कोण? पाहुणे कोण? पत्रिकेत नाव छापा, माणूस घरदार घेऊन येतो. नाव नाही, तर तो कायकू येईल?”

त्यांच्या पत्नी इंदुताई चहा ठेवायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तासभर गप बसून बघायचंय ना? चांगलंच हाय की.” पण तोपर्यंत नामदेवरावांनी कागद घेतला होता.

आता हिशेब सरळ होता, आणि मला तो त्या वेळी फार हुशारीचा वाटला. एका नावामागे किमान दोन माणसं धरली तरी चाळीस माणसांना वीस नावं. स्वागत एकाचं, प्रास्ताविक दुसऱ्याचं, दीपप्रज्वलनाला तिघे. प्रमुख पाहुणे म्हणून प्राध्यापक शिवराज, कारण ते निवृत्त प्राध्यापक आहेत आणि रविवारी मोकळे असतात. बाकीचेही वार ते मोकळेच असतात. पाहुण्यांचा परिचय करून द्यायला एक. परिचय करून देणाऱ्या रंजनाताई नव्याच राहायला आल्या होत्या, म्हणून त्यांचा परिचय करून द्यायला आणखी एक. एकोणीस नावं झाली. विसावं नाव नामदेवरावांना सुचेना, कारण तारनाक्यातली नाराज होऊ शकणारी सगळी मराठी माणसं संपली होती. त्या एकोणिसांतच, आभारप्रदर्शनासमोर, त्यांनी न विचारता माझं नाव घातलं होतं. खोटं कशाला बोला, मला गुदगुल्या झाल्या.

मृण्मयीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला आश्चर्याचा सुखद धक्का द्यावा असा विचार होता. धक्का दिला, हे मी नाकारत नाही.

गुरुवारी मृण्मयीची सुट्टी असते. तो दिवस गाठून नामदेवराव आणि मी संग्रहालयाच्या पाहणीला गेलो. कार्यालयातल्या एका सभ्य गृहस्थांनी आम्हाला एक अर्ज दिला. त्यात उपक्रमाचा प्रकार विचारला होता: व्याख्यान, कार्यशाळा, प्रयोग, इतर. आम्ही इतरवर खूण केली. ‘इतर’चं वर्णन लिहा, असं खाली होतं. मी लिहिलं, सत्कार.

“कुणाचा?” गृहस्थांनी विचारलं.

“नऊ जणांचा.”

“कशाबद्दल?”

“आल्याबद्दल.”

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सांगितलं की या अर्जावर कार्यक्रम विभागाची सही लागेल. कार्यक्रम विभाग म्हणजे मृण्मयी. आम्ही अर्ज आदराने घडी करून खिशात घातला आणि बाहेर आलो.

दारावरचे सुरक्षारक्षक यादगिरी यांनी आमच्या यादीचा उरलेला निकाल लावला. यादगिरींना मराठी येत नाही आणि मला एकतीस वर्षांत तेलुगू जेमतेम भाजीपुरती आली, पण ‘वद्दु’ म्हणजे नको, हे हैदराबादेत पोटातलं बाळही ओळखतं. समई? “अग्गी वद्दु सार्.” आग नको. हार-गुच्छ? “पुव्वुलु वद्दु.” फुलांतून किडे येतात आणि ते चित्रं खातात, असं त्यांनी बोटांची हालचाल करून दाखवलं. नारळ? नारळ हा खाद्यपदार्थ असल्याने बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागेल. नामदेवराव अर्धा तास त्यांच्याशी वाद घालत होते की सत्काराचा नारळ कुणी खात नाही, तो पुढच्या सत्काराला वापरतात. यादगिरी ऐकून घेत होते आणि मान हलवत होते.

पण मध्यमवर्गीय माणसाला अडचण आली की तो बाजारात जातो. कोठीच्या बाजारातून मी बॅटरीवरची समई आणली. शाली नामदेवरावांच्या दुकानातूनच आल्या. आणि मंडळाचं नाव, एकोणीस नावं, खाली मध्यभागी अध्यक्षांचा फोटो असा, नळीतून वर ओढून उभा करायचा सहा फुटी फलक छापून झाला. फलकाबद्दल संग्रहालयाच्या नियमांत काही लिहिलेलं नव्हतं. ही त्यांची चूक आहे.

रविवार उजाडला. सांगायला अभिमान वाटतो, अकराच्या ठोक्याला सत्तेचाळीस माणसं हजर होती. भरजरी साड्या, इस्त्रीचे झब्बे, अत्तर. मृण्मयी प्रवेशद्वाराशी प्रत्येकाच्या हातात फॉर्म देत होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, जिंकलो. त्रिवेणी मॅडम स्वतः खाली आल्या होत्या. “सो मेनी!” असं त्या दोनदा म्हणाल्या. मी हात जोडून, यात माझं काही नाही अशा अर्थाचं हसलो.

या गडबडीत नामदेवराव चार कार्यकर्त्यांसह आत पुढे गेले होते.

मृण्मयी सगळ्यांना घेऊन दालनात आली तेव्हा तिने रात्री स्वतः मांडून ठेवलेल्या स्टुलांपैकी पाच स्टुलं उलटी फिरवलेली होती. ती चित्रासमोर, चित्राकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून लावली होती. हा आमचा मंच. त्यावर नामदेवराव, प्राध्यापक शिवराज आणि आणखी तीन मान्यवर बसले होते. आणि त्यांच्या मागे, जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या बरोब्बर अलीकडे, नियमाला धरून, आमचा सहा फुटी फलक उभा होता. चित्र होतं साडेपाच फुटांचं. फलकाच्या वर चौकटीची एक सोनेरी कड तेवढी दिसत होती.

मृण्मयीने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. पाहुण्यांसमोर सासऱ्याच्या मित्रांना उठा म्हणायचं कसं, हे तिला कळेना. आणि तिला ते कळू नये यातच आमच्या संस्कृतीची सगळी ताकद आहे, हे माझ्या त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं.

मग दीपप्रज्वलन झालं. कोठीच्या समईचं बटण दाबल्यावर ती निळी, लाल, निळी अशी लुकलुकायला लागली आणि तिच्या पोटातून आरती सुरू झाली. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. ती बंद कुठून करायची तेही त्याने सांगितलं नव्हतं. यादगिरी धावत आले, समईला शालीत गुंडाळून बगलेत मारून घेऊन गेले, आणि बराच वेळ लांबून लांबून आरती ऐकू येत राहिली. कुणीतरी उभं राहिलं म्हणून सगळे उभे राहिले. पाच मिनिटं गेली.

स्वागत झालं. परिचय करून देणाऱ्या रंजनाताईंचा परिचय झाला. सत्कार सुरू झाले तेव्हा शाली होत्या, नारळ लॉकरमध्ये होते. त्यामुळे प्रत्येक मान्यवराला शाल आणि लॉकरचं टोकन देण्यात आलं. टोकन नंबर सात स्वीकारताना प्राध्यापक शिवराज भारावून गेले. मृण्मयी फॉर्मचा उरलेला गठ्ठा छातीशी धरून भिंतीला टेकली होती. नामदेवरावांनी प्रास्ताविकात मंडळाचा स्थापनेपासूनचा इतिहास घेतला, आणि आणीबाणीपर्यंत येता येता पंचवीस मिनिटं झाली. त्रिवेणी मॅडमना मराठी येत नाही. त्यांनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा मृण्मयीकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. ते काय असेल याची मला कल्पना आली.

प्राध्यापकांनी कहर केला. “माझ्या मागे जी महान कलाकृती आहे,” असं म्हणून त्यांनी मागे न बघता हात केला, “तिच्यातला मावळता सूर्य आपल्याला काय सांगतो?” तो सूर्य पुढे दहा मिनिटं मावळत होता. चित्रात सूर्य आहे की नाही हे सत्तेचाळीस माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

अकरा अठ्ठेचाळीसला माझं नाव पुकारलं गेलं. बाराला इंग्रजीचा गट येणार होता. माझ्या हातात चार पानं होती. रेल्वेतल्या सगळ्या भाषणांवर मात करेल असं भाषण होतं ते, शेवटच्या परिच्छेदात तर मृण्मयीचं नाव असं आणलं होतं की अनुराधासुद्धा रडली असती. मी माइकपाशी गेलो आणि सवयीने सभागृहावर नजर फिरवली. अनुराधा रडत नव्हती. ती माझ्याकडे, मी सत्यनारायणाच्या पूजेत पादत्राणं घालून आलो असेन तशी बघत होती.

आणि मृण्मयी. तिच्या हातातल्या गठ्ठ्यावर एक वेगळा कागद होता. त्यावर तिने स्वतःच्या हाताने मराठीत प्रश्न लिहून आणले होते. ही मुलगी इंग्रजी शाळेत शिकली, मराठी पाटी वाचतानाही अडखळते. तिची अक्षरं पहिलीतल्या पोरीसारखी मोठी आणि वाकडी होती, माइकपासूनही मला वाचता आली. ‘आधी तुम्हाला काय दिसलं?’ असं पहिल्या ओळीत होतं. ‘काय’च्या ठिकाणी खाडाखोड करून पुन्हा लिहिलेलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“आभार मानावेत असं अजून इथे काही झालेलं नाही,” मी म्हणालो.

माझ्या कारकिर्दीत माझ्या आभारांना टाळी पडली नाही, असं पहिल्यांदाच होत होतं.

“नामदेवराव, उठा. सर, तुम्हीही. स्टुलं फिरवा.”

“शशिकांतराव,” नामदेवराव कुजबुजले, माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं, “कार्यक्रम अजून संपला नाही.”

“सुरूच झाला नाही,” मी म्हणालो, आणि फलकाला हात घातला. फलकाची कळ माझ्या हातून सुटली आणि मंडळाचं नाव, एकोणीस मान्यवर व अध्यक्षांचा फोटो असे सगळे सटकन नळीत गुंडाळले गेले.

मागे चित्र होतं.

एक अंगण. भर दुपार. सूर्य नव्हता, नुसतं ऊन होतं. एक बाई पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेली, मूठ मिटलेली, मागे एक बंद दार. बस्. मृण्मयी पुढे आली, घसा खाकरला आणि कागद वर न करता म्हणाली, “दोन मिनिटं कोणी बोलू नका. फक्त बघा. प्लीज.”

आमचं मंडळ दोन मिनिटं गप्प बसलं. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

“आता सांगा. ही बाई निघालीय का आलीय?”

“निघालीय,” प्राध्यापक ताबडतोब म्हणाले. “ट्रंक आहे, म्हणजे प्रस्थान.” “सासर सोडून चाललीय,” रंजनाताई म्हणाल्या. “माहेरी चाललीय, सोडून कशाला?” “मग दार बंद का?” दोन मिनिटांत दोन पक्ष पडले. मान्यवर उठून पिवळ्या पट्टीपर्यंत गेले, यादगिरींनी त्यांना मागे ढकललं, ते पुन्हा पुढे गेले.

“ही जायली नाही,” मागून आवाज आला. इंदुताई उभ्या राहिल्या होत्या. मंडळाच्या कार्यक्रमात त्या बोलल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. “आलीय ती. पाय बघा की तिचे. घोट्यापोतर धूळ हाय. घरातून निघालेल्या बाईचे पाय असले असतेत का? आन् मुठीत ट्रंकेची किल्ली असणार. ट्रंक कुठं ठेवायची ते अजून कुणी सांगितलं नाही तिला. आत ये, असं कुणी म्हणलंच नाही.”

सगळ्यांनी पाय पाहिले. धूळ होती.

“तुम्हाला कसं कळलं?” मृण्मयीने विचारलं.

“मी बसले होते ना अशी. पहिल्या माहेरपणाहून आले तवा. भावाने दारात सोडलं आन् परतीची बस धरायला पळाला. घराला कुलूप. सासूबाई देवाला, सासरे दुकानात. दुपारभर बसले ट्रंकेवर.”

“आणि नामदेवराव?” कुणीतरी विचारलं.

“मंडळात,” इंदुताई म्हणाल्या. “कुणाचा तरी सत्कार होता.”

नामदेवराव खांद्यावरची शाल काढून तिची घडी घालायला लागले. ते कापडाच्या धंद्यात जन्मले, पण ती घडी काही केल्या जमत नव्हती.

“सेक्रेटरी होतो तवा मी,” ते चित्राकडे बघत म्हणाले. “हिने कधी सांगितलं नाही.”

“विचारलं कुणी?” इंदुताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

बारा वाजले. इंग्रजीचा गट आला आणि दारातच उभा राहिला. आमचं कुणी उठेना. रंजनाताई आपल्या आईची ट्रंक सांगत होत्या, प्राध्यापक आता दाराच्या कडीवर बोट दाखवून ती बाहेरून लावलेली आहे असं सिद्ध करत होते, आणि इंग्रजीवाल्यांतल्या दोन तेलुगू बायका शेजारच्या बाईला विचारून विचारून सगळं समजून घेत होत्या. त्रिवेणी मॅडमनी मृण्मयीला बाजूला बोलावून काय चाललंय ते विचारलं. तिने इंग्रजीत सांगितलं. त्या बराच वेळ इंदुताईंकडे बघत उभ्या राहिल्या.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मंगळवारी संध्याकाळी मृण्मयी फॉर्मचा गठ्ठा घेऊन घरी आली. मराठीचा तास दर महिन्याला ठरला होता. अट एकच: दालनात कोणाचाही कोणत्याही वस्तूने सत्कार करू नये. ही ओळ आता संग्रहालयाच्या छापील नियमावलीत आली आहे, आणि मराठी संस्कृतीचा हैदराबादेवरचा ठसा म्हणून मी ती पाहुण्यांना दाखवतो. मृण्मयीने मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, कारण तिला मराठी हस्ताक्षरं लागत नव्हती. मी वाचत गेलो आणि ती लिहून घेत गेली. पंखा हळू होता. चहाची सोय नव्हती. टोकन नंबर सात परत केल्यावर नारळ दुसऱ्याचा मिळाला. आणि सत्तेचाळीसपैकी एकेचाळीस जणांनी एकच तक्रार केली होती, चित्राला वेळ कमी पडला.

इंदुताईंचा फॉर्म तळाशी होता. ‘पुढील कार्यक्रमासाठी सूचना’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘ह्यांना पुढे बसवू नका. माझ्या शेजारी बसवा.’

मृण्मयीने तो फॉर्म माझ्या हातून घेतला आणि स्वतः, अक्षर अक्षर लावत, पुन्हा एकदा वाचला. मग जेवताना तिने माझ्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली.

पुढच्या महिन्यात मंच नव्हता, पत्रिका नव्हती, एकही नाव छापलेलं नव्हतं. नामदेवराव येतील याची मला खात्री नव्हती. मी पावणेअकराला दालनात पोचलो तर ते आधीच येऊन बसले होते, मधल्या रांगेत, तोंड भिंतीकडे. शेजारच्या स्टुलावर त्यांनी रुमाल टाकून ठेवला होता. रंजनाताई तिथे बसायला गेल्या तर त्यांनी दोन्ही हात आडवे धरले. इंदुताई लॉकरमध्ये पिशवी ठेवून आल्या, दारात थांबून कुठे बसावं ते बघायला लागल्या.

“ये,” नामदेवराव रुमाल उचलत म्हणाले. “आत ये.”